वादळात शेडनेट टिकवायचं असेल तर जाळीआधी खड्डा बघा

काळीभोर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि शीव ओलांडली की जालना जिल्ह्यातलं जाफराबाद. या आमच्या पट्ट्यात शेडनेट (पाइपाच्या सांगाड्यावर चढवलेलं जाळीचं घर) म्हणजे बीजोत्पादन. टोमॅटो, मिरची, काकडी, वांगी. दहा गुंठ्यांचं नेट, कंपनीशी करार, क्रॉसिंगला, म्हणजे फुलांचं हाताने परागीकरण करायला, गावातल्याच बाया, आणि बी पास झालं की पैसा हातात. नुसत्या सोयाबीन-कपाशीवर ज्यांचं भागत नव्हतं अशा कितीतरी घरांत पोरांची शिक्षणं या दहा गुंठ्यांवर झाली. म्हणून दर उन्हाळ्यात वळवाच्या वादळात नेटं आडवी झाल्याच्या बातम्या आल्या की पोटात कालवतं.

नेट पडलं की चावडीवर एकच वाक्य ऐकू येतं, "जाळी हलकी होती." मी पडलेली नेटं मुद्दाम जाऊन बघतो, ओळखीच्यांची आणि अनोळखी लोकांचीही. माझं मत आता पक्कं झालंय. जाळी फाटली पण सांगाडा उभा राहिला, तर माणूस आठ-पंधरा दिवसांत नवी जाळी चढवून पुन्हा कामाला लागतो. सांगाडाच बसला तर तो हंगाम गेला, पुढचाही धोक्यात आला, आणि बँकेचा हप्ता सुरूच. आणि सांगाडा बहुतेक वेळा वरून मोडत नाही, खालून उपटून येतो.

पडलेल्या नेटात पोलाच्या बुडाशी जाऊन बघा. काही ठिकाणी काँक्रीटचा गोळा पाइपासकट वर आलेला असतो. म्हणजे गोळा लहान होता. काही ठिकाणी गोळा जमिनीत जागच्या जागी असतो आणि पाइप तेवढा त्यातून मुळा उपटावा तसा निघालेला असतो. हे दिसलं की माझा संताप होतो. खड्ड्यातल्या पाइपाला खालच्या टोकाशी आरपार भोक पाडून वीतभर गज आडवा घातला असता तर पाइप काँक्रीटमधून सुटलाच नसता. एका पोलामागे वीतभर गज! तेवढ्यासाठी लाखांचं काम जमीनदोस्त होतं.

तिसरी गोष्ट आपल्या काळ्या जमिनीची. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की गोळ्याच्या कडेने बोटं आत जातात. गोळा नुसता उभा असतो, त्याला मातीची पकड राहत नाही. नेमकं त्याच दिवसांत वादळ येतं. त्यामुळे भारी जमिनीत दोन फुटांचा खड्डा म्हणजे खड्डा नव्हेच. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, आणि मुरूम फार खोल असेल तर खड्डा तळाशी रुंद करायचा, म्हणजे गोळा वर येताना आजूबाजूची माती त्याला अडवते.

बांधताना माणूस जाळीचा रंग बघतो, सावलीचे टक्के विचारतो, ५० घेऊ का ७५ घेऊ. खड्डे खोदायच्या दिवशी मात्र मालक लग्नाला गेलेला असतो. माझी हात जोडून विनंती आहे, त्या दिवशी टेप घेऊन शेतात उभे राहा. काँक्रीट भरल्यावर आठवडाभर पाणी मारा. उन्हाळ्यात आज खड्डा भरला आणि उद्या पोल चढवून वरचं काम सुरू केलं, असं खूप होतं. ते काँक्रीट पिकलेलंच नसतं.

नुकसान झाल्यावर काय मिळतं तेही सांगतो. आपत्ती निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेले दर होते कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागेला २२,५००. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. करा हिशोब, बागायतीच्या दराने १,७०० रुपयांच्या आसपास. आणि तेही पिकाचे, पाइप-जाळीचे नव्हेत. पंचनामा जरूर करून घ्या, पण त्यावर नेट पुन्हा उभं राहत नाही. ते पहिल्यांदाच नीट उभं करावं लागतं.

गारपिटीचा, वाऱ्याचा, जाळीचा तुमचा अनुभव लिहा. दुसऱ्या भागातल्या लोकांनी तर नक्की लिहा.

---

गुंठाभर

काळीभोर भाऊ, एकदम वेळेवर धागा काढलात. माझा महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज मंजूर झालाय, दहा गुंठ्यांचंच करायचंय. ठेकेदार म्हणतो खड्डा दोन फूट पुरे, "सगळीकडे असंच करतो." त्याला नेमकं काय सांगू?

---

स्ट्रक्चरवाला

मी स्थापत्य अभियंता आहे आणि घरची शेतीही आहे. काळीभोर यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आकड्यांतही तसंच येतं, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १२ किलो. वेग दुप्पट, म्हणजे १०० झाला की दाब चौपट, ४७ किलोच्या आसपास. म्हणून "मागच्या वादळात काही झालं नाही" याला फार अर्थ नाही. इमारतींवरच्या वाऱ्यासाठी आयएस ८७५ भाग ३ हे मानक आहे. त्यात नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे यांना मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. नागपूरला ४४ मीटर. कमी आयुष्याच्या बांधकामाला त्यात सवलत मिळते, तरी आकडा लहान होत नाही.

जाळीतून वारा पार होतो, त्यामुळे पूर्ण दाब येत नाही. पण छताला वर उचलणारं बळ येतं आणि लोक नेमकं तेच विसरतात. पोल ४ मीटर बाय ६ मीटर अंतरावर असतील तर एका पोलाच्या वाट्याला २४ चौरस मीटर छत येतं. चौरस मीटरला फक्त १५ किलो उचल धरली तरी एका पोलावर ३६० किलो. आता गोळ्याचं वजन बघा. ३० सेंटीमीटर व्यासाचा, ७५ सेंटीमीटर खोल खड्डा भरला तर काँक्रीट भरतं सव्वाशे किलोच्या आसपास. ४५ बाय ४५ चा, ९० सेंटीमीटर खोल केला तर ४३० किलोंच्या पुढे. मातीची पकड मदतीला असते हे खरं, पण भेगाळलेल्या काळ्या जमिनीत मी ती धरणार नाही.

कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पोलांवर ओढ मधल्यांपेक्षा बरीच जास्त असते. पैसे मोजके असतील तर कडेचे खड्डे मोठे करा, मधले थोडे लहान चालतील. सगळे खड्डे एका मापाचे करणं हाच पैशाचा चुकीचा वापर.

गुंठाभर, ठेकेदाराला हे सांगा: कडेला ३ फूट, तळ रुंद, आडवा गज, आणि पाइपाची जाडी २ मिलिमीटर बिलावर लिहून. व्यास सगळेच सांगतात. जाडी कोणी विचारत नाही, आणि चोरी तिथेच होते. पाइपाचं कापलेलं टोक व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा, गावातल्या लेथवाल्याकडे असतो.

---

निफाडची_वेल

आमच्याकडे द्राक्षं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी बघितली ते लोक आजही ढग काळवंडले की घराबाहेर येऊन उभे राहतात. काढणीला आलेले घड, निर्यातीचा माल, तासाभरात मातीत. त्या वर्षी नुसती पानं-घड गेले नाहीत, ओलांड्यांना (वेलाच्या आडव्या फांद्यांना) आणि काड्यांना गारांचे मार बसले, पुढच्या छाटणीला सुद्धा त्या जखमा दिसत होत्या.

आता बरेच जण प्लास्टिक आच्छादन करतात. ते मुळात पावसासाठी. फुलोऱ्यात पाऊस आला तर कूज आणि डाऊनी (केवडा रोग), मणी पिकायच्या वेळी आला तर तडे. गारेपासूनही बचाव होतो. नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत त्याला प्रायोगिक अनुदान आलं होतं, एकरी २ लाख ४० हजारांच्या घरात. पण प्लास्टिकमधून वारा पार होत नाही, त्यामुळे स्ट्रक्चरवाला साहेबांचा तो पूर्ण दाब आम्हाला खरोखर पूर्ण लागतो. जुन्या अँगलवर नुसत्या कमानी ठोकून प्लास्टिकचा कागद चढवलेल्या बागा मी मांडवासकट झोपलेल्या बघितल्यात. कागद शाबूत, आणि चौदा-पंधरा वर्षांची बाग खाली. आच्छादन करताना मांडवाच्या टोकाचे अँगल, त्यांचे तणावे आणि तणाव्याचे दगड नव्याने करा. मांडव घडांच्या वजनासाठी बांधलेला असतो, वाऱ्याच्या उचलीसाठी नव्हे.

---

कोरडवाहू

सगळं पटतंय, पण खर्च कोण बोलणार? जुन्या मापदंडात पाइपाच्या शेडनेटला चौरस मीटरला ७१० रुपये खर्च धरून निम्मं अनुदान होतं. दहा गुंठ्याला खर्च सात लाखांच्या पुढे, निम्मे अंगावर. आता मापदंड बदललेत, पण लोखंडही महागलंय. ठेकेदार अनुदानाच्या आकड्यात काम बसवतो, म्हणून पाइप पातळ होतो. खड्डा मोठा करा, गज घाला, जाड पाइप घ्या म्हणाल तर लहान शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी कर्ज. माझ्या मते आमच्यासारख्यांनी या वाटेला जाऊच नये. बांबू, साधी जाळी, दोन हंगामांत पैसे वसूल, पडलं तर पडलं.

---

काळीभोर

कोरडवाहू दादा, तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. कर्जाची भीती खरी आहे.

पण बांबूच्या नेटात बीजोत्पादन करायचं तर कंपनी करार करताना विचार करते, कारण बाहेरचा पराग आत आला की बी नापास. भाजीपाल्याला, रोपांना बांबू चालेल, तिथे मी तुमच्याशी सहमत आहे. बीजोत्पादनाला माझं म्हणणं वेगळं आहे. दहा गुंठे पातळ करण्यापेक्षा पाच गुंठे दणकट करा. क्रॉसिंगला माणसंही निम्मी लागतात, आणि आजकाल अडचण पैशापेक्षा माणसांची जास्त आहे. पाच गुंठे दहा वर्षं उभे राहिले तर त्यातूनच पुढचे पाच होतात.

खड्ड्यांचा वाढीव खर्च मी आमच्याकडच्या भावाने काढून बघितलाय. एकूण खर्चात तो फार मोठा नाही. सिमेंट, खडी आणि मजुरी. पाइप आणि जाळी यांच्यापुढे ती रक्कम लहान आहे. ती वाचवायला जाऊन बाकी सगळं पणाला लागतं.

---

मिरचीताई

मी सिंदखेड राजा तालुक्यातली. नेट सासऱ्यांच्या नावावर आहे, आतलं सगळं काम मी आणि आमचा बायांचा गट बघतो.

जाळीबद्दल लिहिते. मिरचीला फुलकिडे आणि पांढरी माशी आत आली की चुरडा-मुरडा, मग सगळा प्लॉट गेला. म्हणून बाजूला ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीडरोधक जाळी लावतात. ती बारीक असते, वारा अडवते. आमच्या पश्चिमेच्या बाजूचे पोल दर वर्षी आतल्या अंगाला कलायचे, कारण वळवाचा वारा आमच्याकडे त्याच बाजूने येतो आणि जाळी धुळीने भरून आणखी बंद झालेली असते. दोन गोष्टी केल्या. एप्रिलमध्ये पाण्याच्या पंपाने बाजूची जाळी धुऊन काढायला लागलो. आणि पश्चिमेला बांधाच्या कडेने शेवरी लावली. आता ती चांगली उंच झालीय, पोल कलायचे थांबलेत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ढग आले की बाया नेटात आसऱ्याला थांबतात, ऊन-पावसापासून आडोसा म्हणून. असं करू नका. लोखंडाचे पोल, वर विजा, आणि वारा सुटला तर तेच डोक्यावर यायचं. आमचा नियम आहे, गडगडलं की हातातली चिमटी तिथेच ठेवायची आणि गोठ्याच्या पक्क्या खोलीत जायचं. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप मी रोज दुपारी बघते. क्रॉसिंग राहिलं तर त्या दिवसाची फुलं जातात, दुसऱ्या दिवशी नवी उमलतात. मालक लोकांनी हे स्वतः बायांना सांगावं. रोज बुडेल म्हणून त्या आपणहून उठत नाहीत.

---

स्ट्रक्चरवाला

मिरचीताई, तुमचा दुसरा परिच्छेद प्रत्येक शेडनेटच्या दारावर लावावा असा आहे.

शेवरीबद्दल भर घालतो. वारा पूर्ण अडवणाऱ्या भिंतीपेक्षा थोडा वारा झिरपू देणारी झाडांची रांग चांगली. भिंतीपलीकडे भोवरे तयार होतात. झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो. म्हणजे पाच मीटर उंच शेवरी असेल तर पन्नास मीटरपर्यंत. अगदी खेटून लावायची गरज नाही, उलट खेटून लावली तर सावली पडते आणि फांद्या जाळीवर घासतात.

---

सफरचंदाच्या_गावात

मी मूळचा संगमनेरचा, कामानिमित्त सध्या हिमाचलात. शिमला जिल्ह्यात कोटगढ, नारकंडा, जुब्बल, रोहडू इकडे फिरलात तर डोंगरच्या डोंगर जाळीखाली दिसतात. इथे गारपीट दर वर्षी ठरलेली, आणि सफरचंदाला एक गार लागली की फळ पहिल्या प्रतीतून बाहेर. राज्य सरकार गारपीटरोधक जाळीवर ८० टक्के अनुदान देत आलंय.

पूर्वी सगळं बांबूवर असायचं, अजूनही खूप ठिकाणी आहे. बांबूच्या टोकावर रिकामी प्लास्टिकची बाटली उलटी घालतात, जाळी टोचून फाटू नये म्हणून. आता लोक लोखंडी खांब आणि तारांकडे वळतायत.

तुमच्या उपयोगाच्या दोन गोष्टी. पहिली, जाळी कायमची नसते. फुलोऱ्यात मधमाशी यावी लागते, म्हणून पाकळ्या गळल्यावर जाळी उघडतात, आणि फळ तोडल्यावर बर्फ पडायच्या आत गुंडाळतात, कारण बर्फाच्या वजनाने सगळं मोडतं. दुसरी, चांगल्या बांधणीत जाळी सपाट नसते. झाडांच्या रांगेवर उंच आणि दोन रांगांच्या मध्ये खाली, असा उतार देतात. गारा घरंगळून मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडतात. आपल्याकडची शेडनेटं मी सुट्टीत बघतो ती बरीचशी वरून सपाट असतात. गारा जाणार कुठे?

---

निफाडची_वेल

गारा जातच नाहीत. साचतात, जाळीला पोट सुटतं, मग पाइप वाकतो.

---

स्ट्रक्चरवाला

वजन सांगतो म्हणजे कल्पना येईल. एक इंच जाडीचा गारांचा थर, मधली पोकळी सोडून, चौरस मीटरला साधारण १३ किलो भरतो. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर. तेरा टन. तेही सगळीकडे सारखं पसरलेलं नाही, खोलगट जागेत गोळा झालेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जालना-बुलढाण्यात जी गार झाली ती बघितलेल्यांना इंचभर थर म्हणजे अतिशयोक्ती वाटणार नाही.

नवीन करणाऱ्यांनी सपाट छत टाळावं. कमानीचं किंवा दोन्ही बाजूंना उताराचं करा. जाळी ताणून बसवा, सैल जाळीत पोट आधी सुटतं.

---

गुंठाभर

गारपीटरोधक जाळीला वेगळं अनुदान आहे ना? ती शेडनेटच्या वर आणखी एक टाकली तर?

---

स्ट्रक्चरवाला

होतं, चौरस मीटरला ३५ रुपये खर्च धरून निम्मं, ५,००० चौरस मीटरपर्यंत. पण तो दर नुसत्या जाळीचा. खालचा सांगाडा त्यात बसत नाही, आणि फळबागेत खरा खर्च सांगाड्याचाच. शेडनेटवर दुसरी जाळी टाकू नका. वाऱ्याचा दाब वाढेल, आत उजेड कमी होईल. आहे ती ५० टक्क्यांची जाळी गार अडवायला पुरते, फक्त ती गार खाली सोडायची सोय हवी. आणि अर्ज करताना चालू दर तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

---

रोपवाटिका_जुन्नर

आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, जाळ्या भरपूर वापरतो, म्हणून जाळी टिकवायचं थोडं.

जाळी वाऱ्याने एका फटक्यात फाटत नाही. आधी महिनोन्महिने फडफडून पाइपावर घासलेली असते. पाइपाच्या सांध्यावर, क्लॅम्पच्या बोल्टवर, तिथूनच चीर सुटते. ठिबकच्या जुन्या नळ्या उभ्या चिरून त्या जागी पाइपावर बसवा. फुकटचं काम आहे. पाइपाचा वरचा भाग पांढऱ्या रंगाने रंगवला तर उन्हात कमी तापतो आणि जाळी तिथे लवकर कडक होत नाही.

जाळी धरून ठेवणारी झिगझॅग स्प्रिंग प्रोफाइलमध्ये (पाइपावरच्या खोबणीच्या पट्टीत) पूर्ण बसलीय का हे वर्षातून दोनदा हाताने चाचपायचं, मार्चच्या सुरुवातीला आणि पावसाळा संपल्यावर. स्प्रिंग एका टोकाला निसटली की पुढचा सगळा पट्टा मिनिटात सुटतो. जाळी घेताना अतिनील किरणांना टिकणारी आहे का ते विचारा, आणि आयएस १६००८ चा शिक्का बघा. स्वस्तातली जाळी दुसऱ्या उन्हाळ्यात बोटाने फाटते.

---

कोरडवाहू

एक विचारतो, मनापासून. वादळ येताना दिसलं तर छताची जाळी कापून टाकावी का? आमच्याकडे एकाने विळ्याने दोऱ्या कापल्या आणि त्याचा सांगाडा वाचला. शेजाऱ्याचा गेला.

---

काळीभोर

असं वाचलेलं मीही बघितलंय. पण वादळ सुटल्यावर कोणी शिडी लावून वर जावं हे मी कधीच सांगणार नाही. नेट पुन्हा होईल, माणूस कुठून आणायचा?

त्याऐवजी हे आधीच बांधणीत करता येतं. छताची जाळी सगळीकडे सारखी घट्ट न बांधता, ठरावीक पट्टे कमी ताकदीच्या दोरीने बांधायचे. वारा हाताबाहेर गेला की आधी ती दोरी तुटते, पट्टा सुटतो, दाब निघून जातो आणि पाइप वाचतो. आमच्या भागात काही जण असं करतात.

---

मिरचीताई

यावर मी असहमत आहे. सुटलेला पट्टा नुसता उडून जात नाही. तो आतल्या झाडांना झोडपतो. क्रॉसिंग झालेली, दोरा बांधलेली फळं खाली पडतात, आणि कुठलं फळ क्रॉसचं कुठलं नाही हे नंतर कळत नाही. आमचा गेल्या खेपेचा अर्धा वाफा असाच गेला. सांगाडा वाचला, पीक गेलं.

---

काळीभोर

ताई, हे मला नवीन आहे. मी पाइपाच्या बाजूनेच बघत होतो. मग दोरी तुटणारे पट्टे रस्त्यावर, म्हणजे मधल्या चालायच्या जागेवर ठेवले तर? सुटला तरी झाडांवर कमी येईल.

---

मिरचीताई

तसं चालेल कदाचित. आणि पट्ट्याचं एक टोक पक्कं ठेवा, वारा येतो त्या बाजूचं. म्हणजे सुटून मागे वळून आत येणार नाही. या वर्षी एका बाजूला करून बघते.

---

हप्तेफेड

विम्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पीक विमा आणि शेडनेटचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या राज्यात २०२५ च्या खरिपाआधी पीक विम्यात गारपिटीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची, तीही अधिसूचित पिकालाच. शेडनेटचा सांगाडा त्यात येत नाही.

कर्ज काढून नेट केलं असेल तर बँकेने बहुतेक वेळा सांगाड्याचा विमा काढलेला असतो आणि हप्ता तुमच्या खात्यातून जातो. पॉलिसीची प्रत मागून घ्या. अग्नी व विशेष संकटांच्या पॉलिसीत वादळ, तुफान, पूर यांचं कलम असतं, ते वगळलेलं नाही ना ते बघा. रक्कम पूर्ण खर्चाची आहे की फक्त कर्जाएवढी, तेही बघा. जाळी त्यात धरलीय का हे वेगळं विचारा. बांधकामाची बिलं आणि खड्ड्यांपासूनचे फोटो जपून ठेवा. दावा करताना "बांधकाम कच्चं होतं" असं म्हटलं गेलं तर खड्ड्यांचे फोटोच कामाला येतात.

---

निफाडची_वेल

खड्ड्यांचे फोटो काढताना टेप लावून काढा. नुसत्या खड्ड्याच्या फोटोवरून खोली कळत नाही.

---

नवा_हंगाम

माझं नेट चार वर्षांचं आहे, खड्डे लहानच असणार. पाडून नवीन करणं शक्य नाही. जूनच्या आत काय करू शकतो?

---

काळीभोर

पाडायची अजिबात गरज नाही.

आधी चारही कोपऱ्यांचे आणि पश्चिमेच्या कडेचे पोल धरून हलवून बघा. बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यात फट असेल तर पोलाभोवती रिंगण उकरा, हातभर रुंद, खाली मुरमापर्यंत. जुन्या गोळ्याची बाजू खरवडून घ्या, त्यात दोन-तीन गज ठोका आणि नव्या काँक्रीटने जुना गोळा सगळीकडून गुंडाळून टाका. एका दिवशी एकाच बाजूचे, एक सोडून एक पोल घ्या, सलग उकरू नका. ते पिकेपर्यंत पाणी मारा, मग उरलेले.

त्यानंतर तणावे. कडेच्या प्रत्येक पोलाच्या डोक्यापासून बाहेर तिरपी तार, पोलाच्या उंचीएवढ्या अंतरावर खाली. तारेचं टोक नुसत्या खुंटीला बांधू नका. अडीच-तीन फूट खोल आडवा दगड किंवा पाइपाचा तुकडा पुरा आणि तार त्याच्या मध्यावर बांधून आणा. तार ताणायला टर्नबकल लावा, म्हणजे दर महिन्याला आवळता येते. बैल, ट्रॅक्टर अडकू नये म्हणून तारेला जुनी पांढरी पिशवी बांधा.

कोपऱ्यांतल्या दोन-दोन गाळ्यांत तिरप्या पाइपांची कैची मारा. वेल्डिंग करणार असाल तर त्यावर लगेच झिंकचा रंग लावा, नाहीतर तिथून गंज धरतो. क्लॅम्प आणि बोल्ट वापरले तर जास्त बरं. सैल झालेले सगळे बोल्ट त्याच फेरीत आवळून घ्या.

सगळ्याला पैसे पुरत नसतील तर याच क्रमाने जा. कोपरे आधी.

---

गुंठाभर

ठेकेदाराशी आज बोललो. कडेला ३ फूट, तळ रुंद आणि आडवा गज, हे कबूल केलं. छताला उतार देतो म्हणाला. पाइपाची २ मिलिमीटर जाडी बिलावर लिहायला मात्र तयार नाही, तोंडी सांगतो म्हणतो.

---

स्ट्रक्चरवाला

मग त्याला काम देऊ नका. दुसरा बघा.

---

काळीभोर

गुंठाभर, आमच्याकडे लिहून देणारे आहेत. तुमचं गाव कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि खड्डे ज्या दिवशी खोदणार तो दिवस कळवा, जवळ असाल तर मी टेप घेऊन येतो.